लाल टाका

"श्वास सोड."

मायलिसनं श्वास सोडला. मी तिच्या कंबर आवळायच्या चोळीची दोरी ओढली, तरी दोरीवरचा लाल टाका शेवटच्या भोकातून बाहेर येईना.

नटीचं पहिलं माप घेताना दोरी जिथपर्यंत आवळली जाते, तिथं मी लाल टाका घालते. राजदरबाराचे सिनेमे एकतीस वर्षं करतेय. राण्या बदलल्या, राजाच्या लाडक्या बदलल्या, कंबरा मीच आवळल्या. आज टाका चार बोटं आत राहिला होता.

"कितवा महिना?" मी हळूच विचारलं. राजवाड्याच्या भिंतींना कान असतात, आमच्या तंबूच्या भिंती तर कापडाच्याच.

आरशात तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तिसरा. ओदेत, कुणाला बोलू नकोस गं. कळलं तर मला काढून दुसरी आणतील. नऊ दिवसांचंच काम उरलंय. तू आवळ, मी सोसते."

"तू सोसशील. आत आहे त्याचं काय?"

मी तिथंच गाठ मारली.

तासाभरात निर्मात्यांचा माणूस फाब्रिस तंबूत आला. "दिग्दर्शक ओरडतायत, हिची कंबर कुठं गेली? मादाम ओदेत, खरं सांगा. पोरगी पोटुशी आहे का?"

"छे! मीच ढिली बांधली." मी सुजलेली बोटं त्याच्यापुढे धरली. "जोर राहिला नाही आता."

त्याला लगेच पटलं. मला तेच फार लागलं. निदान एकदा तरी "काहीतरीच काय, मादाम!" म्हणायचं होतं मेल्यानं.

"आधी नाही का सांगायचं?" तो चुकचुकला. "उद्यापासून ल्युसिलला बोलावतो. तुम्ही आराम करा."

आराम! घरी दोन खोल्या आणि एक मांजर.

संध्याकाळी तंबूत कुणी नसताना मी मायलिसची चोळी मांडीवर घेतली. दोरीवरचा लाल टाका उसवला आणि चार बोटं अलीकडे नवा घातला. बोटं दुखत होती, टाका मात्र सरळ पडला.

ल्युसिल सामान ताब्यात घ्यायला आली. मी एकेक दाखवत गेले.

"कुल्ल्यांवरच्या गाद्या थोड्या जाड कर, कंबर आपोआप बारीक दिसते. आणि लाल टाका दिसला की थांबायचं. दिग्दर्शक बोंबलला तरी पुढं ओढायचं नाही."

"तुमच्या टाक्यापुढं कोण जाईल, मादाम?" ती हसली. "तुमचा टाका कधी चुकलाय का?"

"नाही," मी म्हटलं आणि सुई टाचण्यांच्या उशीत खोचून ती उशी तिच्या हातात दिली.