मधला पर्याय

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तिला ते आवडायचं. तीन-चार वर्षांचा अभ्यास, त्याचा विटेएवढा जाड अहवाल, त्यात तक्त्यांचं जंगल, असं काहीही तिच्या टेबलावर आणून आदळा. आठवडाभरात त्याची दोन पानं व्हायची. वाचणाऱ्याला जांभई म्हणून यायची नाही. हे काम ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. दवाखान्यादवाखान्यांतून हिंडून गोळा केलेली माहिती एकीकडे, आणि जिच्या जोरावर काही घडेल ती सही दुसरीकडे. मधे एक दार असतं आणि त्यातून दोनच पानं आत जातात. बाकीची बाहेर चपलांपाशी बसून राहतात.

या वेळचा अभ्यास लहान आरोग्य केंद्रांतल्या बाळंतपणाच्या खोल्यांचा होता. त्यातून निघालेली गोष्ट शेंबड्या पोरालाही कळली असती. अशा खोलीत एक नर्स असते, एक टेबल, एक दिवा आणि गरम पाण्याची सोय. बहुतेक बायका तिथं सुखरूप मोकळ्या होतात. एखादीचं अडलं तर तिला मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी नसते, आणि घात होतो तो तिथं. प्रत्येक केंद्राच्या दारात एक गाडी आणि एक ड्रायव्हर उभा केला की काम झालं.

कात्रीला ही गाडी हवी होती, आणि नुसती नोकरीपुरती नको होती. तिची धाकटी बहीण डोंगरावरच्या वस्तीत राहायची. नवरा तिथल्या लाकडाच्या कारखान्यात कामाला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दोनदा पोटातलं गेलेलं, आणि आता धाकटीला सहावा लागला होता. वस्तीतलं केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मोठं रुग्णालय मात्र खाली, वळणावळणाच्या रस्त्यानं अडीच तास.

"तुझ्या दारात गाडी उभी करते बघ," कात्री फोनवर म्हणाली.

"अगं, मला एकटीला गाडी कशाला? लोक काय म्हणतील!"

"एकटीला नाही गं, वेडे. सगळ्यांना. पण तुझ्यासाठी."

धाकटी खुदकन हसली. ताई म्हणाली म्हणजे होणार, असं तिचं लहानपणापासूनचं गणित. आई गेल्यावर तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं होतं.

आता या धंद्यातली एक खुबी सांगायला हवी. अधिकाऱ्याला 'हे करा' असं सांगून चालत नाही. त्याला ते झोंबतं. त्याला निवडू द्यावं लागतं. म्हणून टिपणात कायम तीन पर्याय. पहिला इतका महाग, की वाचूनच घाम फुटावा. तिसरा असा, की शहाण्या माणसानं त्याला हात लावू नये. त्याला ऑफिसात बुजगावणं म्हणत. आणि आपल्याला हवा असतो तो मधला. अधिकारी पहिला वाचून दचकतो, तिसरा वाचून नाक मुरडतो, मधल्यावर बोट ठेवतो आणि स्वतःच्याच अकलेवर खूश होतो. संस्थेच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, ही युक्ती कात्रीला पहिल्याच वर्षी शिकवली होती. ती आजवर कधी फसली नव्हती.

कात्रीनं पहिला पर्याय लिहिला: प्रत्येक केंद्रात ऑपरेशनची खोली आणि सर्जन. दुसरा: गाडी. तिसरा: लहान केंद्रांतल्या बाळंतपणाच्या खोल्या बंद करून सगळ्या बायकांना मोठ्या रुग्णालयात पाठवणं.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही पानं वाचली. "तिसऱ्यात जीवच नाही," ते म्हणाले. "आरोग्य सचिव काही दूधखुळे नाहीत. बुजगावण्याला जरा कपडे घाला."

कात्रीनं घातले. तिला आपल्या वाक्यांचा गर्व होता, आणि हातून काही लंगडं जाऊ द्यायचं नाही ही जित्याची खोड. तिनं लिहिलं, 'लहान केंद्रात होणाऱ्या बाळंतपणात आई आणि बाळाच्या जिवाला मोठ्या रुग्णालयापेक्षा दुप्पट धोका असतो.' वाक्य खोटं नव्हतं. जी बाई दोन्हीकडे पोचू शकत नाही, रस्त्यातच बाळंत होते, तिचा धोका कितीतरी पटींनी जास्त, हेही तितकंच खरं होतं. ते मोठ्या अहवालात होतं. दोन पानांत मावलं नाही. आणि मावलं असतं तरी कात्रीनं ते घेतलं नसतं, कारण मग बुजगावण्याचे कपडेच उतरले असते.

सचिव अतिशय सभ्य माणूस. त्यांनी कात्रीला आणि मोठ्या डॉक्टरांना चहा मागवला, पंख्याचा वेग कमी करायला सांगितला आणि दोन्ही पानं दोनदा वाचली. दोनदा कोणीच वाचत नसे. कात्रीला बरं वाटलं, यावरून तिची अक्कल ओळखा.

"पहिल्याचं नावच नको," सचिव म्हणाले. "दुसऱ्याला गाड्या लागणार, गाड्यांना ड्रायव्हर, ड्रायव्हरला मंजुरी. माझी निवृत्ती होईल तेवढ्यात. हा तिसरा मात्र उद्यापासून करता येईल."

"सर, तो नुसता तुलनेसाठी आहे," कात्री म्हणाली.

"असं कुठं लिहिलंय? पर्याय म्हणून लिहिलाय तुम्ही. दुप्पट धोका म्हणता. हे वाचल्यावर मी त्या खोल्या उघड्या ठेवल्या, आणि एखादी बाई गेली, तर मी काय उत्तर देऊ?"

"पण खोल्या बंद झाल्या तर बायका रस्त्यात बाळंत होतील, सर. ते जास्त..."

"ते यात आहे?"

"मोठ्या अहवालात आहे."

"बाई, तो मी वाचणार नाही हे तुम्हाला माहीत होतं," सचिव मायेनं म्हणाले. "म्हणून तर तुम्ही हे लिहिलंत."

कात्रीनं मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. संस्थेचं पुढचं काम याच खोलीतून मिळायचं होतं, त्यामुळे मोठे डॉक्टर चहाकडे बघत होते. "निर्णय शेवटी आपलाच, सर," ते म्हणाले. "आम्ही फक्त पुरावा देतो."

जिन्यात तिनं त्यांना अडवलं. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"अहो, आयुष्य गेलं माझं. आपला कागद कोणी नीट वाचून जसाच्या तसा अमलात आणलाय, असं एकदा तरी झालं का? आज झालं, तर तुम्ही गळा काढताय."

संध्याकाळी त्यांनी ऑफिसात केक कापला. कात्रीलाच सुरी धरायला लावली. तिनं ती धरली.

मग तिनं आणखी दोन पानं लिहिली, सगळ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन पानं: खोल्या बंद करू नका, का ते असं. मोठ्या डॉक्टरांनी ती आपल्या खणात ठेवली. "निर्णय झाल्यावर पुरावा पाठवायचा नसतो," ते म्हणाले. "समोरच्याला वाटतं, आपण त्याला मूर्ख म्हणतोय." पानं खणातच राहिली. कात्री ती घेऊन एकटी सचिवांकडे जाऊ शकली असती. तिला नोकरीची भीती वाटली, आणि ती गेली नाही. तिच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच बोलता येईल, की भीती खरी होती.

आदेश निघाला. त्याला पुरावा म्हणून कात्रीचं टिपण जोडून तो सगळ्या केंद्रांना गेला. खोल्यांना कुलपं लागली.

कात्रीनं बहिणीला फोन केला. "तिथली खोली बंद झालीय ना? आठवा लागला की सरळ माझ्याकडे यायचं. ऐकतेयस?" खोली कोणामुळे बंद झाली, हे तिनं सांगितलं नाही. जीभ रेटली नाही तिची.

"येते गं. यांची सुट्टी मंजूर झाली की येतेच. तू म्हणशील तसं."

आठवा लागला आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी धाकटीच्या पोटात कळा सुरू झाल्या. कारखान्याची फळ्या वाहणारी जीप मिळाली. अर्ध्या रस्त्यात एका वळणावर, फळ्यांच्या भुशात मुलगी झाली. दोनदा रडली. रुग्णालयाच्या दारात जीप पोचली तेव्हा ती गार पडली होती.

कात्री पोचली तेव्हा धाकटीला बाळंतिणींच्या वॉर्डात मधलीच खाट मिळाली होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणे. दोन्ही बाजूंना पोरं किरकिरत होती आणि बायका त्यांना थोपटत होत्या. नवरा खिडकीशी उभा होता. त्याच्या केसांत अजून भुसा होता. त्यानं कात्रीकडे बघितलं आणि तो बाहेर निघून गेला.

कात्री खाटेच्या कडेला बसली. तिला सगळं सांगून टाकायचं होतं. येताना बसमध्ये तिनं शब्दसुद्धा जुळवले होते.

"ताई," धाकटीच आधी बोलली, "नर्सबाई किल्ली घेऊन आली होती."

"कसली किल्ली?"

"खोलीची. म्हणाली, तो आदेश गेला खड्ड्यात, तू चल आत, माझं काय व्हायचं ते होऊ दे. हेसुद्धा म्हणाले, चल. मी नाही म्हटलं."

"का?" कात्रीनं विचारलं.

"अगं, दारावर तुझा कागद लावलाय ना! खाली तुझं नाव. मी सगळ्या वस्तीला दाखवलं, ही माझी ताई. किती सोपं लिहिलंयस गं, मला सगळं कळलं. इथं दुप्पट धोका आहे म्हणून. मी नर्सबाईला म्हटलं, माझी ताई उगाच काही लिहायची नाही. मी खालीच जाणार."

त्या नर्सबाईच्या हातून इतक्या वर्षांत एकही बाळ दगावलं नव्हतं. अडलेल्या दोन बायकांना तिनं चादरीच्या झोळीतून खाली पाठवलं होतं, त्याही वाचल्या होत्या. कात्रीला हे पाठ होतं, कारण त्या केंद्राचा तक्ता तिनं स्वतः केला होता. ती खाली वाकून पांघरुणाची कड खोचायला लागली. धाकटीला वाटलं, ताईला रडू येतंय. तिनं ताईचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला, लहानपणी झोपताना घ्यायची तसा.

"तू नको वाईट वाटून घेऊस," ती म्हणाली. "तू लिहिलंस म्हणून बरं. तिथंच थांबले असते तर मीही गेले असते. खाली आले म्हणून मी तरी वाचले. हो ना गं, ताई?"

जुळवलेले शब्द कात्रीच्या ओठांपर्यंत आले. शेजारच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला छातीशी घेतलं. धाकटी त्याच्याकडे न बघता ताईच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.

"हो," कात्री म्हणाली.