झाकण कुणी लावलं?

ऑफिसातल्या मॅडमनी पाठवलेल्या यादीत सात दिवस होते आणि प्रत्येक दिवसापुढे तेच दोन शब्द: झाकण बंद. सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी, मग सहा मिनिटांनी, मग पुन्हा अकरा मिनिटांनी. मंगळवारी अकरा वाजून नऊ मिनिटांनी. ऑफिसचा लॅपटॉप आपण केव्हा काय करतो याची नोंद ठेवतो आणि तिकडे पोचवतो, हे मला माहीत होतं. पण मी झाकण बंद करते, हे मला माहीत नव्हतं.

माझं काम म्हणजे डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे. ठकी झाल्यावर सहा महिन्यांनी मी कामावर परतले तेव्हा सकाळची पाळी घरून करायची परवानगी मिळाली, एका अटीवर: कामाच्या वेळात बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असलं पाहिजे. तसं मी सही करून दिलं होतं. सासूबाई घरातच होत्या, त्यामुळे सही करताना हात अडला नाही. फक्त अकराच्या सुमाराला त्या आंघोळीला जायच्या आणि ठकी माझ्याशिवाय कुणाच्या हातून घासही घ्यायची नाही. मग ती पंधरा मिनिटं माझ्या मांडीवर. माझ्याकडे तोंड, लॅपटॉपकडे पाठ, गळ्यात नणंदेने पाठवलेलं बिननाडीचं लाळेरं. एक चमचा कुस्करलेलं केळं, एक ओळ टाइप, एक चमचा केळं. पंधरा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय, असं मी धरून चालले होते.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की मशीन उघडं टाकून उठून जाणं एक वेळ समजू शकतं, पण तुम्ही तर चक्क मिटून जाता. शुक्रवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल.

पडदा मध्येच काळा पडायचा, हे खरं होतं. मी पासवर्ड टाकून पुढे जायचे. मशीन जुनं आहे, दमतं, इतकाच माझा विचार. पण झाकण? नवरा म्हणाला, "अगं, सवयीने लावत असशील. ठकी जरा कुरकुरली की तू भरलं ताट टाकून उठतेस, तुला तरी कळतं का?" बाळंतपणानंतर माझं डोकं जाग्यावर नाही, असं घरात गमतीने म्हटलं जायचं आणि त्याला पुरावेही होते. मागच्याच आठवड्यात घराची किल्ली फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात सापडली होती. किल्ली ठेवलेली आठवत नाही, तसं झाकण लावलेलंही आठवत नसेल. मग आणखी काय काय करत असेन मी? गॅस? बाळाला धरलेला हात? रात्री अंथरुणावर पडल्यावर मी स्वतःच्या हातांकडे परक्यासारखी बघत बसले.

बुधवारी मी की-बोर्डवर एक पेन्सिल आडवी ठेवली. झाकण लावलं तर पेन्सिल आड येणार किंवा घरंगळणार. अकरा वाजून सात मिनिटांनी ठकी मान मागे टाकून खदखदून हसली आणि पडदा काळा. पेन्सिल जागच्या जागी. मी लगेच ऑफिसात मशीनवाल्या काकांना फोन लावला. ते बघून म्हणाले, "हो ताई, अकरा सात, झाकण बंद." मी म्हटलं, झाकण माझ्यासमोर उघडं आहे. काका म्हणाले, उद्या घेऊन या.

त्या दुपारी ठकी झोपल्यावर मी लॅपटॉपच्या कडांवरून बोट फिरवून पाहिलं. कॉलेजात माझ्याकडे एक जाडजूड लॅपटॉप होता, त्याला पुढे सरकवायचं बटण आणि आत जाणारे दोन आकडे होते. याला काहीच नाही. ना आकडा, ना खाच. रोज लावते-उघडते, पण हे मिटून कसं राहतं ते कधी मनातही आलं नव्हतं. मिटून उपडं धरलं, हलवलं, तरी उघडेना. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "डबा आहे का गं तो, उपडा करून बघायला?" मग माझा चेहरा पाहून त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला आणि दुसरं काही विचारलं नाही.

गुरुवारी काकांच्या तळघरातल्या खोलीत मी साडेदहापासून बारापर्यंत टाइप करत बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. पडदा लख्ख. काकांनी चष्मा लावला आणि अहवालाच्या कागदावर लिहायला घेतलं की यंत्रात दोष आढळला नाही. म्हणजे दोष माझ्यात. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हे कडीशिवाय मिटून कसं राहतं?

काकांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. त्यांनी एक टाचणी झाकणाच्या कडेजवळ नेली. एका जागी ती चटकन चिकटली, दुसऱ्या टोकाला पुन्हा तशीच. आत बारीक लोहचुंबक आहेत, ते खालच्या भागाला ओढून धरतात, म्हणून कडी लागत नाही. आणि खाली डाव्या अंगाला, मनगट टेकतं तिथे, आत एक छोटा तुकडा असतो. लोहचुंबक जवळ आला एवढंच त्याला कळतं.

"त्याला डोळे नाहीत, ताई. लोहचुंबक आला की तो म्हणतो, झाकण मिटलं, चला झोपू." त्यांनी सूचना-फळ्यावरचा एक लोहचुंबक काढून तिथे धरला. पडदा काळा झाला. झाकण सताड उघडं. "आता सांगा, झाकण कुणी लावलं?"

मला हसू आलं आणि रडूही. काकांनी अहवालाचा कागद बाजूला सारला आणि विचारलं की घड्याळाचा पट्टा, पर्सचं बटण, असं काही अकराच्या सुमाराला तिथे येतं का. कारण मिळालं तर उद्या तसं लिहून देतो.

मी म्हटलं, काही नाही येत. अकराला तिथे ठकी येते, हे मनातच ठेवलं. मूल काही लोहचुंबक नसतं.

निघताना त्यांच्याकडून टाचणी मागून घेतली. घरी येऊन ती खुर्चीला लावली, चमच्याला, माझ्या अंगठीला, ठकीच्या झबल्याच्या बटणांना. टाचणी पडत राहिली आणि मी पुन्हा पुन्हा ती शोधून उचलत राहिले, कारण खाली रांगणारं मूल. शेवटी दोरीवर वाळत घातलेलं लाळेरं राहिलं. त्याला नाडी नाही, बटण नाही, मानेमागे दोन टोकं जवळ नेली की आपोआप टिचकन मिटतं. नणंदेचं किती कौतुक केलं होतं मी त्यापायी. टाचणी नेली, तर ती माझ्या बोटांतून सुटून त्याला जाऊन चिकटली.

ठकीची मान. मागे टाकलेली, खदखदणारी, नेमकी डाव्या अंगाला.

काकांनी विचारलेलं सगळं सांगून सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी लाळेऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पर्सचं बटण होतं म्हणून सांग. कोण येतंय बघायला?" नवऱ्याचंही तेच मत. आणि खरंच कोण बघणार होतं? लाळेऱ्याचं नाव काढलं की ठकी आली, ठकी आली की माझी सही आली. मी संध्याकाळभर पर्सची गोष्ट मनात जुळवून पाहिली. कुठली पर्स, कुठे ठेवायचे, रोज अकरालाच का. तिसऱ्या वेळी पर्सचा रंग बदलला. एक खोटं नीट लक्षात ठेवण्याइतकं डोकं माझ्याकडे शिल्लक नव्हतं. आणि जे होतं ते आत्ताच कुठे परत मिळालं होतं.

शुक्रवारी फोनवर मी म्हटलं, "मॅडम, झाकण मी लावलं नाही. पण त्या वेळी माझी मुलगी मांडीवर होती." मग लाळेऱ्याचं सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. कागद उलटल्याचा आवाज आला.

"नोकरी राहील. घरून काम मात्र बंद. सही तुमचीच आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारी अकरा वाजता मी ऑफिसात होते. टेबलावरचा फोन थरथरला. सासूबाई सांगत होत्या की केळं कुस्करलं, गाणी म्हटली, खिडकीतली गाडी दाखवली. "तोंड मिटून बसलीय तुझी लेक. कडी ना कोयंडा, पण उघडेल तर शपथ."

मागून ठकीचा घोगरा हुंदका ऐकू आला. मी जिन्यात गेले आणि फोन तिच्या कानाला लावायला सांगितला. आ कर, म्हटलं, आ, माझी ठकी, आ. पलीकडे चमचा वाटीवर आपटला. मग सगळं शांत. खाल्लं की थुंकलं, काही कळेना.

जागेवर परतले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. क्षणभर वाटलं, पुन्हा तेच. मग आठवलं. अकरा वाजून पाच मिनिटं, झाकण बंद, अशी नोंद तिकडे पोचली असणार. हे मात्र मीच लावलं होतं.