लिंबूटिंबूची चार गाणी

माझ्या बायकोचा पायरव पहिल्या गाण्यात गेला, शिंक दुसऱ्यात आणि बांगड्यांचा आवाज तिसऱ्यात. तिन्ही गाणी तुफान चालली. ती तयार कशी झाली, हे लोक मला अजून विचारतात, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

लिंबूटिंबू हा इचलकरंजीतल्या चार मुलींचा गट. उंची सारखी, हसणं सारखं. एकीला ठसका लागला की चौघी पाणी प्यायच्या. चौघींपैकी बोलायची एकटी सलोनी. बाकीच्या तिघी तिचं बोलणं संपेपर्यंत ओठ हलवायच्या.

मी एका दैनिकात एकतीस वर्षं विनोदी सदर लिहिलं. ज्यांच्यावर लिहायचो ते दुसऱ्या दिवशी भेटून म्हणायचे, "शेजाऱ्याची काय हजेरी घेतलीत, वा!" मग निवृत्त झालो. त्यानंतर वर्षभराने सन्मती मगदूम घरी आला. वडिलांचे यंत्रमाग विकून त्याने मागांच्या शेडमध्ये स्टुडिओ काढला होता.

"काका, गाणी लिहायची," तो म्हणाला.

"कसली?"

"हिट."

एवढंच बोलणं झालं. कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला थालीपीठ वाढलं.

काम असं चालायचं. आधी चाल. सन्मती टेबलावर बोटं वाजवत "ना ना ना डिंग, ना ना ना डिंग" म्हणायचा आणि त्या डिंगांत मी शब्द बसवायचो. मग कुणीतरी ते गाणं कच्चं गाऊन ठेवायचं. त्याला स्क्रॅच म्हणतात. तो स्क्रॅच हेडफोनमध्ये ऐकत ऐकत मुली पक्कं गाणार, आणि पक्कं झालं की स्क्रॅच पुसून टाकायचा. पुसायचाच. त्या धंद्यातला तो नियम आहे.

स्क्रॅच गाणारी नेहमीची मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली होती. सुखात आहे, असं तिची आई सांगायची. फक्त फोनवर तिचं काही ऐकू येत नाही. दुसरी कुणी मिळेना. कुंदा त्या दिवशी स्टुडिओ बघायला म्हणून माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "मी म्हणू का? तेवढ्यापुरतं?"

"म्हणा की काकू," सन्मती म्हणाला.

गायची खोली शेडच्या टोकाला होती. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, खाली गाद्या, वर गाद्या. चपला दाराबाहेर काढायच्या. दारापासून माइक चार पावलांवर. कुंदा चार पावलं चालली, हेडफोन लावला आणि 'पंखा पाचवर' हे गाणं पहिल्या झटक्यात गाऊन बाहेर आली. एक्केचाळीस वर्षं ती गॅससमोर गात होती; इथे फोडणी तडतडत नव्हती, एवढाच फरक. मग मुली गायल्या. मग सन्मतीने एक बटण दाबलं.

घरी येताना जिन्यात मला वाटलं, ही मागेच राहिली. वळून पाहिलं तर माझ्या पाठीशीच होती.

"कुंदा, तुझी पावलं वाजत नाहीत."

तिने दोनदा पाय आपटून पाहिला. "बरं झालं," ती म्हणाली. "खालच्या आवटेबाईंची तक्रार तरी मिटली."

दुसरं गाणं 'लिफ्ट बंद आहे'. माइक नऊ पावलांवर होता. कुंदाला रोज सकाळी सहाला ओळीने सात शिंका यायच्या, आमच्या घरात गजर म्हणून तेवढ्याच होत्या. त्या गाण्यानंतर चेहरा शिंकायचा, डोळे मिटायचे, पदर नाकाला जायचा, आणि मी साडेआठपर्यंत झोपून राहायचो. तिसरं 'मोबाईल खाली ठेव'. त्या वेळी काचेतून ती अंगठ्याएवढी दिसत होती. स्क्रॅच पुसल्यावर तिने हातातल्या बांगड्या माझ्या कानाजवळ खळखळवल्या. काही नाही. कापूस हलवावा तसं.

मी सन्मतीला गाठलं.

"पुसताना आजूबाजूचं थोडं जातंच, काका. पाटी पुसताना हाताला खडू लागतो की नाही?"

"ते परत येतं का?"

"पुसलेलं परत येत नाही."

"मग जातं कुठं?"

"काका, तुम्ही शब्द लिहा की."

इथे मी थांबायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण 'पंखा पाचवर' मंगल कार्यालयांत वाजत होतं, जिममध्ये वाजत होतं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये पहिलीच्या पोरी त्यावर हातपंखे घेऊन नाचत होत्या. आवटेबाईंच्या नातवाने हाताच्या प्लास्टरवर माझी सही घेतली. एकतीस वर्षं सदर लिहिलं, त्यावर कुणी नाचल्याचं मला आठवत नाही.

आणि कुंदाही थांबायला तयार नव्हती. "तुमचं नाव एकतीस वर्षं छापून येत होतं," ती म्हणाली. "माझं काय येत होतं? वाफ."

चौथ्या गाण्याचे शब्द मी तिच्याकडूनच उचलले. मी बाहेरच्या खोलीतून हाक मारली की स्वयंपाकघरातून ती नेहमी एकच म्हणायची, "आले हं, गॅस बारीक करून आले." सन्मतीला हे फार आवडलं. 'आले हं' असंच गाण्याचं नाव ठेवलं. शेवटी वरचा सूर होता, लांब, श्वास संपेपर्यंत धरायचा. चाल ऐकवून झाल्यावर त्याने टेबलावरची बोटं आवरली.

"काकू, ह्या वेळेला आवाज जाणार. सगळा."

"सगळा म्हणजे?"

"बोलायचा पण."

"नको," मी म्हणालो. "आपण नाही करत."

कुंदाने पिशवीतून डबा काढून दाखवला. खोली आता लांब झाली असणार म्हणून तिने दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. "डबा भरलाय," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी युक्ती काढा. एवढे हुशार म्हणून मिरवता ना?" तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेली.

माइकपर्यंत पोचायला तिला पाऊण तास लागणार होता. मी सन्मतीजवळ खुर्ची ओढली. "हा स्क्रॅच पुसायचा नाही."

"पुसायला लागतो, काका."

"खाली ठेव. बारीक. चौघींच्या आवाजाखाली कुणाला कळणार आहे?"

एकतीस वर्षं मी मजकुराखाली मजकूर ठेवला होता आणि एकदाही पकडला गेलो नव्हतो. आवाजाचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो.

सलोनी नखं रंगवत होती. तिने मान वर केली. "काका, ठेवला की आत राहतो." बाकीच्या तिघींचे ओठ हलले.

"राहू दे की."

"फक्त आवाजच नाही, काका—"

"शूः," सन्मती म्हणाला. काचेपलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढ्या कुंदाने हात वर केला होता. "वन, टू, थ्री."

ती गायली. असा सूर मी घरात कधी ऐकला नव्हता. मग मुली गायल्या. काचेअलीकडच्या त्यांच्या माइकवर, नेहमीसारख्या. अडीच वाजता सगळं पक्कं झालं, बटण कुणी दाबलं नाही, मुली वडापाव खायला गेल्या. मी दारात वाट पाहत बसलो. चार वाजले, पाच वाजले. कुंदाच्या चपला तशाच होत्या, तोंड आत करून.

"ठेवला की, काका," सन्मती म्हणाला. "तुम्हीच म्हणालात."

'आले हं' आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त चाललं. पहिल्याच दिवशी मी घरी बसून ते फोनवर लावलं, आणि कुंदा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"दूध उतू जाऊन वाळलंय सगळं," ती म्हणाली. "ओटा पुसत नाही का हो तुम्ही?"

आवाज होता. अख्खा होता. मला इतका आनंद झाला की मी तिला काही विचारलंच नाही. गाणं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं आहे. ते संपलं तेव्हा ती फडकं पिळत होती. फडकं नळाखाली पडलं.

मग आमचा संसार तीन मिनिटं अकरा सेकंदांचा झाला. मी लावायचो, ती यायची. कधीकधी मधल्याच कडव्याला निघून जायची, कारण कुठेतरी आणखी कुणी लावलेलं असायचं. लग्नसराईत तिचे फार हाल झाले. केसांत अक्षता घेऊन यायची. एकदा खांद्यावर गुलाल होता, एकदा पदराला केकचं क्रीम.

"सांगलीत कुणाचा तरी वाढदिवस होता," ती म्हणाली. "सगळे नाचत होते. बसा असं एकानेही म्हटलं नाही हो."

"तू बस ना इथे."

"बसले असते, पण कुडाळला वरात निघा—" आणि खुर्ची रिकामी.

सन्मतीचा फोन आला. "काका, तुमच्या एकट्याच्या फोनवरून अडीच हजार वेळा वाजलंय. एवढं स्वतःचं लिखाण आवडतं व्हय तुम्हाला?"

पावसाळ्यात लग्नं थांबली. लोक दुसरी गाणी लावायला लागले. मला बरं वाटलं. आता ती पुरी तीन मिनिटं अकरा सेकंद माझ्याकडे राहील. पण ती यायची ती दमलेली. ओठ सुकलेले, पायांना कापसाचे तंतू चिकटलेले.

"कुणी लावत नाही तेव्हा कुठे असतेस?" मी विचारलं.

"त्या खोलीत."

"काय करतेस?"

"चालते. दार ज्या बाजूला होतं त्या बाजूला चालते. अहो, डबा संपला." ती आणखी काही सांगणार होती. आधी मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि तिथे—"

गाणं संपलं. मी लगेच पुन्हा लावलं. ती आली, पण मधलं बोलणं विसरून. "दूध तापवलंत का?" म्हणाली.

मग सन्मती घरी आला. लिंबूटिंबूच्या मुली 'आले हं'चं रीमिक्स करणार होत्या. शुक्रवारी नवं चढणार, त्याच वेळी जुनं सगळीकडून उतरणार.

"जुन्यात कुंदा आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर आलोय. नव्यात एक पुरुषाचा आवाज पाहिजे, हाक मारणारा. 'कुंदा' असं नाही, नुसतं 'अगं ए' असं. स्क्रॅच तुम्हीच म्हणा की. खोली तीच आहे."

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभं राहून डबा भरला. पोळ्या मला येत नाहीत, म्हणून भात, मेतकूट, लोणचं. पाण्याची बाटली घेतली. खालच्या मजल्यावर आवटेबाई दारात होत्या. "हल्ली कुंदाताईंचा आवाज येतो, पण दिसत नाहीत त्या," त्या म्हणाल्या. "पावलं वाजत नसली की माणूस घरात आहे की नाही, समजतच नाही, नाही का?"

स्टुडिओत कुंदाच्या चपला जिथल्या तिथे होत्या. सलोनीने माझ्या चपला उचलून त्यांच्याशेजारी ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा सरळ जोडीने. त्यांचीही तोंडं आत केली. चौघींनी मला एकदम नमस्कार केला.

"तुमचा पुसायचा की ठेवायचा, काका?" सन्मतीने विचारलं.

"आधी तिला घेऊन येतो. मग बघू."

"तसं नसतं, काका. आधी सांगायला लागतं."

मी डबा उचलला. हेडफोन कानाला लावून आत गेलो आणि दार मागे लागलं.

खोली सरळ होती. दोन्ही बाजूंना गाद्या, खाली गाद्या; पाऊल पडलं की घोट्यापर्यंत रुतायचं आणि आवाज यायचा नाही. तासाभराने वळून पाहिलं तर काच टिकलीएवढी दिसत होती. आणखी तासाभराने ती दिसेना. वाटेत एका गादीवर कुंदाचा डबा सापडला. घासून पुसून, झाकण लावून ठेवलेला, वर चमचा. त्याच्याशेजारी आणखी एक डबा होता, जुन्या घडणीचा, झाकणावर एका मुलीचं नाव आणि खाली निपाणी असं कोरलेलं. तोही रिकामा. मी माझा डबा उघडला नाही.

तिथून पुढे ती मला ऐकू यायला लागली. आधी नुसता श्वास, वरचा सूर घेण्याआधी घेतात तसा. मी भराभर चाललो. श्वास जवळ येत गेला.

"काका," हेडफोनमध्ये सन्मती म्हणाला, "जुनं उतरवतोय. हाक मारा. वन, टू—"

"अगं ए," मी म्हणालो.

"आले हं," कुंदा म्हणाली. अगदी जवळून, समोरून, दहा पावलांवरून असावं. मी हेडफोन काढून हातात धरला, तरी ते ऐकू आलं. "आले हं."

मग मला पायरव ऐकू आला. गादीवर पाय आपटत कुणीतरी चालत होतं. कुंदाचा पायरव पहिल्या गाण्यात गेला होता, आणि पुसलेलं परत येत नाही. मी माझे पाय थांबवले. पायरव थांबला नाही.

कुंदाचा आवाज समोरून येत होता. पायरव मागून.