चौऱ्याण्णव

कॉलेज सुरू व्हायच्या आधी गणिताची चाचणी घरी बसून द्यायची होती. पंचवीस प्रश्न, नव्वद मिनिटं. गुणांवरून ठरणार होतं की मूल पायाच्या वर्गात बसेल, मधल्या की वरच्या.

धाकटीने पहिले तीन प्रश्न सोडवले. चौथ्यात तिने कच्च्या कागदावर आलेख काढला, वक्र अक्षाला कुठे छेदतो ते पाहायला. मागून इंजिनिअर दादा वाकला.

"चित्रकलेची परीक्षा आहे का गं?"

"अरे, करू दे तिला," बाबा म्हणाले.

"हिच्या गतीने पुढच्या वर्षी संपेल, बाबा. सरक."

ती सरकली. सुरुवातीला 'कुणाची मदत घेणार नाही' या चौकटीत खूणही त्यानेच केली होती. चाळीस मिनिटांत चौऱ्याण्णव गुण पडले. आईने लगेच मावशीला फोन लावला. "आमच्याकडे गणित रक्तातच आहे!"

वरच्या वर्गातले सर पहिल्याच तासाला म्हणाले, "हे तर तुम्हाला येतंच," आणि तीन पानं उलटून पुढे गेले. धाकटी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवत राहिली. दुसऱ्या आठवड्यात वीसपैकी तीन पडले. दादा फोनवर म्हणाला, "सोप्पंय गं ते, डोकं चालव." त्या गतीने वर्षअखेरीला नापास होणार, हे कळायला वरचं गणित लागत नव्हतं. शेवटी ती स्वतःच गणित विभागाच्या कचेरीत गेली.

तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं. "चौऱ्याण्णव पडलेत, आणि मधला वर्ग मागतेस?"

"ते माझे नाहीत," धाकटी म्हणाली. "चाचणी घरच्यांनी दिली."

"अख्ख्या घराने? मग वर्गात कोण कोण येऊन बसतंय?" बाई हसल्या नाहीत. "आत्ता माझ्यासमोर पुन्हा दे. जुने गुण रद्द होतील, आणि ते का रद्द झाले याची नोंद राहील. चालेल?"

"चालेल."

फोन टेबलाच्या खणात गेला. कोपऱ्यातल्या संगणकावर यावेळी प्रश्न वेगळे होते, पण अकरावा आलेखाचाच निघाला. तिने कागदावर अक्ष आखले, वक्र काढला, छेदबिंदू मोजले. कुणी घाई केली नाही. सहा प्रश्न तिला आलेच नाहीत, ते तिने कोरे सोडले. शेवटची चार मिनिटं ताळा करण्यात गेली.

एकसष्ट.

"मधला वर्ग पंचावन्नपासून आहे," बाई म्हणाल्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "पहिल्या दिवशी हे गुण घेऊन आली असतीस, तर तिथे जागा होती. आता चाळीसच्या चाळीस भरल्या. वरच्या वर्गात तुला ठेवता येणार नाही. पायाच्या वर्गात जा."

"तिथे अपूर्णांकांपासून सुरुवात आहे ना? मला येतात ते."

"माहितीये."

"आणि भौतिकशास्त्र?"

"त्याला मधला वर्ग पूर्ण लागतो. म्हणजे दोन वर्षांनी."

संध्याकाळी तिने निकालाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आई आधी म्हणाली, "मावशीला इतक्यात कळू देऊ नका." बाबा कागद हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिले, जणू त्यावर एका आकड्याहून जास्त काही लिहिलं होतं.

"हे मी एकटीने सोडवलंय," धाकटी म्हणाली. "तेव्हाही एवढेच पडले असते. मला मधला वर्ग मिळाला असता."

दादाने बाबांच्या हातातला कागद घेतला. "एकसष्ट!" तो आईकडे वळला. "बघ. म्हणून तर चाचणी मी दिली होती."

धाकटीसमोर लॅपटॉप उघडा होता, पायाच्या वर्गाचं वेळापत्रक पडद्यावर.

"सरक," दादा म्हणाला. "त्या बाईंना मी मेल लिहितो. तुला नीट मांडता आलं नसेल."

यावेळी ती सरकली नाही. दादाने लॅपटॉपच आपल्याकडे ओढून घेतला.