तिसरी चौकट

मर्विन हॅझलेटची बायको डिम्फ्ना वारली आणि त्याला दोन्हीकडून बोलावणी यायला लागली.

थोरला भाऊ वेस्ली दर शनिवारी फोन करून सांगायचा, उद्या चर्चला ये, आईच्या बाकावर जागा आहे. डिम्फ्नाची थोरली बहीण अट्रॅक्टा रविवारी कोंबडी भाजून झाकून आणायची आणि जाताना दारात रेंगाळून म्हणायची, एकदा आमच्या चॅपेलात मासच्या प्रार्थनेला आलास तर तिच्या जिवाला बरं वाटेल. वेस्ली प्रोटेस्टंट. लॉजचा, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या संघाचा माणूस, त्यांच्या जुलैच्या मिरवणुकीत झेंड्याची दोरी धरणारा. अट्रॅक्टा कॅथलिक. चॅपेलमधली फुलं तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी लावलेली तिला चालत नसत. मर्विन दोघांनाही "बघू" म्हणायचा.

लग्नाच्या वेळी त्यानं आणि डिम्फ्नानं एक गोष्ट ठरवली होती. आपलं घर ह्यांच्यातलं नाही आणि त्यांच्यातलंही नाही. दोघं होती तोवर ते निभलं. घरात दुसरं माणूस असलं की बाहेरच्यांच्या बोलण्याचं फार वाटत नाही. आता गावाच्या लेखी तो कॅथलिक बायको वारलेला एक प्रोटेस्टंट, एवढाच उरला होता. तिच्याबरोबर तो ठरावही पुरला गेला असं लोक धरून चालले होते.

उन्हाळ्याच्या अखेरीला त्यानं कामाला लागायचं ठरवलं. तो सुतार होता, पण जुना कारखाना कधीच बंद पडला होता. काउन्सिलला इमारतींच्या डागडुजीसाठी माणूस हवा होता. अर्जासोबत एक वेगळा गुलाबी कागद आणि वेगळं पाकीट आलं. समान संधीचे प्रश्न. वय, अपंगत्व, लग्न झालंय का. 'विधुर'समोर त्यानं पटकन खूण केली आणि पुढे गेला. मग नेहमीचा प्रश्न होता: तुम्ही धर्म पाळत असा वा नसा, तुम्ही कोणत्या समाजातले? प्रोटेस्टंट, कॅथलिक, दोन्हीपैकी कोणताच नाही.

डिम्फ्ना हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हा असाच कागद घरी आला होता. तिनं ह्याच टेबलावर बसून तिसऱ्या चौकटीत खूण केली होती आणि मग उठून बटाटे सोलायला घेतले होते. मर्विननंही तिसऱ्या चौकटीत खूण केली. खाली प्राथमिक शाळेचं नाव विचारलं होतं, कारण तिथं दोन्ही समाजांच्या शाळा वेगळ्या; तेही लिहिलं.

नोकरी मिळाली. महिनाभर तो गावभर दारं, कुंपणं, बाकं दुरुस्त करत हिंडला. घराबाहेर पडल्यानं त्याला झोप लागायला लागली. मग काउन्सिलचं पत्र आलं. आपण तिसरी चौकट निवडली आहे, परंतु आपल्या प्राथमिक शाळेवरून आपली नोंद कॅथलिक समाजात करण्यात येत आहे, हरकत असल्यास कळवावे.

आता झालं होतं असं, की मर्विनची आई नन्सच्या कॅथलिक शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. वेस्ली मोठा, तो आपल्या प्रोटेस्टंट शाळेत जायचा. धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून आई त्याला बरोबर घेऊन जायची, आणि शेवटी नन्सनी त्याला वर्गातच बसवून टाकलं.

वेस्लीला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "गाठलं म्हणायचं नन्सनी तुला शेवटी. पन्नास वर्षं दबा धरून बसल्या होत्या."

ही नोंदणी बघणाऱ्या बाई मिसेस ग्रिबेन म्हणून होत्या. आडनावावरून त्या कॅथलिक हे मर्विननं दारावरची पाटी वाचतानाच ओळखलं होतं, आणि त्यांनीही त्याला तसंच ओळखलं असणार. त्यांनी त्याला बसवून नीट समजावलं. अर्ज निवडणाऱ्यांना हा कागद दिसत नाही. कोणत्या समाजाची किती माणसं कामावर आहेत, हे फक्त मोजणं आहे, आणि मोजायला हवंच, कारण त्यांच्या वडिलांना गिरणीच्या फाटकावर शाळेचं नाव विचारून परत पाठवलं होतं आणि तेव्हा मोजणारं कोणी नव्हतं. शाळेवरून ठरवायचं ते एवढ्यासाठीच, की उद्या सगळ्यांनीच तिसरी चौकट धरली तर मोजायचं कोणाला? नोंद चुकली असेल तर आत्ता दुरुस्त करते, म्हणाल्या. प्रोटेस्टंट लिहू?

"नको. तिसरी," मर्विन म्हणाला.

"त्याला आधार लागतो हो, मिस्टर हॅझलेट. नाव एकीकडचं, शाळा दुसरीकडची. उद्या तपासणीला कोणी आलं तर मी काय दाखवू? तुम्हाला आयुष्यभर ओळखणाऱ्या कोणाकडून दोन ओळी लिहून आणा."

"एका बाजूचं लिहून आणलं तर दुसऱ्या बाजूचा धरतील."

"मग दोन्ही बाजूंचं आणा," त्या हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं असावं, आता हा विषय संपला.

मर्विननं त्या रविवारी वेस्ली आणि अट्रॅक्टा दोघांनाही चहाला बोलावलं. दुसऱ्यालाही बोलावलंय हे कोणालाच सांगितलं नाही. ती दोघं आजवर एकमेकांशी बोललेली नव्हती. डिम्फ्नाला काउन्सिलच्या दफनभूमीत पाद्र्याशिवाय पुरलं, तेव्हाही अट्रॅक्टा ह्या कडेला जपमाळ ओढत ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती आणि वेस्ली त्या कडेला टोपी हातात धरून उभा होता. मध्ये फक्त खड्डा होता.

अट्रॅक्टा आधी आली. वेस्लीनं आत पाऊल टाकलं, तिला पाहिलं आणि तो दारातच थबकला. मर्विननं त्याचा कोट काढून घेतला, म्हणून त्याला बसावं लागलं. हॅम कापलेलं होतं, गव्हाचा पाव होता, लोणी होतं. कोणी हात लावला नाही. मर्विननं पत्र मध्ये ठेवलं आणि काय हवंय ते सांगितलं.

वेस्ली म्हणाला, सख्खा भाऊ प्रोटेस्टंट नाही असं मी माझ्या हातानं लिहून देऊ? बाप थडग्यातून उठून येईल. अट्रॅक्टा म्हणाली, मार्चपासून मी ह्याच्या नावानं मेणबत्त्या लावतेय, त्या काय काउन्सिलच्या उजेडासाठी? आणि सरकारनं स्वतःहून कॅथलिक लिहिलंय तर ते खोडायचं कशाला? ह्यावर वेस्लीनं हुंकार दिला. पण लिहून द्यायचं नाही ह्या बाबतीत दोघांचं एकमत होतं, आणि त्यांचं एकमत झालेलं मर्विन पहिल्यांदाच पाहत होता.

त्यानं दोघांचं होईपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्या लग्नाला तुमच्यापैकी कोणी आलं नाही," तो म्हणाला. "वेस्ली, तू अंगणात उभं राहून म्हणालास, आजपासून तू आमच्यातला नाहीस. अट्रॅक्टा, आम्ही लग्नाच्या नोंदणी कचेरीतून सरळ तुझ्या दारात आलो होतो. तू कडी काढली नाहीस. आतूनच म्हणालीस, तुमचं घर आमचं नाही. साक्षीला आम्ही रस्त्यावरून पाववाल्याला धरून नेलं होतं. त्यानं सही केली आणि डिम्फ्नाला एक गोड पाव दिला, तेवढंच तिचं लग्नाचं जेवण."

"मर्विन, आता ते कशाला," अट्रॅक्टा म्हणाली.

"मी भांडण काढत नाही. तेव्हा तोंडानं म्हणालात ते आता कागदावर लिहा, एवढंच मागतोय. ती असताना आम्ही तुमचे नव्हतो. ती गेल्यावर तुम्हाला मला वाटून घेता येणार नाही."

वेस्ली हाताच्या पंजाकडे बघत बसला. मोठा, फुगलेल्या सांध्यांचा पंजा. मग त्यानं खिशातून चष्मा काढला आणि विचारलं, काय लिहायचं. मर्विननं सांगितलं, तसं त्यानं हळूहळू लिहिलं: मर्विन हॅझलेट याचं घर लग्नापासून आमच्या दोघांच्याही समाजांत धरलं गेलं नाही, आणि तो स्वतःला दोन्हीपैकी कोणत्याच समाजाचा मानत नाही. खाली सही केली आणि कागद टेबलापलीकडे सरकवला.

"तुमची इथं, बाई," तो म्हणाला. तो तिच्याशी बोललेला हा पहिलाच शब्द.

"कळतं मला." अट्रॅक्टानं पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "मी आणखी एक ओळ घालणार. आम्ही चुकलो होतो अशी."

"ते काउन्सिलला कळवायचं कारण नाही," मर्विन म्हणाला.

"मग कोणाला कळवू? ती तर गेली."

 मर्विननं तिच्यापुढे रुमाल ठेवला. तिनं डोळे पुसले, सही केली आणि मग वेस्लीच्या ताटलीत हॅमचा तुकडा वाढला, कारण कोणीतरी सुरुवात करायला हवी होती. वेस्लीनं तो खाल्ला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मर्विन काउन्सिलच्या ऑफिसात गेला. मिसेस ग्रिबेननी कागद दोनदा वाचला, खालच्या दोन सह्या पाहिल्या, एक लॉजच्या घराण्याची आणि एक चॅपेलच्या. त्यांनी जुनी नोंद खोडली आणि तिसऱ्या चौकटीत खूण करून ती त्याच्याकडे वळवून दाखवली.

"ह्या दोघांनी सही दिली नसती तर काय केलं असतंत?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी पुन्हा चहाला बोलावलं असतं," मर्विन म्हणाला, आणि अर्धवट राहिलेल्या कुंपणाच्या कामावर परत गेला.