सदतीस रविवारांची ड्यूटी

सन १९८५. जानेवारीची चौदा तारीख, संक्रांतीची पहाट. थंडी अशी की दोंडाईच्याच्या शिवारात उभी मिरची करपली. त्या पहाटे मी तुटलो.

मी रूळ बोलतोय. सुरत-भुसावळ लायनीचा. शाळा मी पाहिली नाही. भट्टीतून निघताना कमरेवर १९३१ हा आकडा उमटला, तेवढंच माझं शिक्षण. चोपन्न वर्षं गाड्या अंगावर घेतल्या. कुरकुर केली नाही. थंडीत पोलाद आखडतं, म्हातारं पोलाद जरा जास्तच. तुटलो याची मला लाज नाही.

मला शोधलं आधारनं. तो आमचा चावीवाला. रोज सहा किलोमीटर पायी जायचं, रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत. सैल झालेली आत मारायची. आवाजावरून त्याला सगळं कळायचं. त्या पहाटे त्यानं तडा पाहिला, लाल झेंडी उघडली आणि समोरून येणाऱ्या पॅसेंजरकडे धावत सुटला. गाडी माझ्यापासून दोनशे पावलांवर थांबली. डब्यात बायका तिळगूळ वाटत होत्या. त्यांना काही कळलंही नाही.

भुसावळहून साहेब आले. त्यांनी आधारचा हात हातात घेतला. प्रमाणपत्र दिलं. मला उचलून बाजूला टाकलं.

रेल्वे लायनीतल्या क्वार्टरांशेजारी पत्र्याचं एक छोटं चर्च आहे. त्याला घंटा नव्हती. साहेबांनी रीतसर कागद करून माझा दीड हाताचा तुकडा चर्चला दिला. वरचं टोक करवतीनं कापलेलं. खालचं टोक, जिथं मी तुटलो, ते तसंच खडबडीत. दारापुढच्या निंबाला मला टांगलं. पाळक म्हणाले, "ज्यानं शोधला त्यानंच वाजवावा." आधारच्या हातात एक जुना बोल्ट दिला. दर रविवारी संध्याकाळी पाचला उपासना, त्याआधी बारा ठोके.

सगळे खूश होते. आधार नव्हता.

का, ते मला ठाऊक होतं. मी तुटलो त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. चाव्या ठोकत तो माझ्यापाशी आला. थांबला. कान तिरपा केला. पुन्हा ठोकलं. मग सूर्याकडे पाहिलं आणि उपासना गाठायला झपझप निघून गेला.

मी छातीठोक सांगतो, त्या संध्याकाळी मी धडधाकट होतो. तडा रात्रीच्या थंडीत गेला. पण हे आधारला कसं सांगणार? कुणी ठोकल्याशिवाय मी बोलत नाही, आणि बोललो तरी माझा शब्द एकच.

फाल्गुनापासून त्याचं बिनसलं. ड्यूटी संपली की तो पुन्हा मागे जायचा. ठोकलेली चावी पुन्हा ठोकायचा. लिलाबाई, त्याची बायको, ताट वाढून दारात उभी राहायची.

"किती वेळा बघाल तेच?"

"एकदाच. शेवटचं."

घास हातात असताना उठून जायचा.   झोप उडाली. लायनीतली माणसं म्हणायची, "साहेबाची शाबासकी डोक्यात गेली." चर्चमधले एक पोक्त गृहस्थ म्हणाले, "विश्वास कमी पडतोय." तेव्हापासून आधार मागच्या बाकावर बसू लागला.

चौदा जुलैचा रविवार. त्यानं मला तीन ठोके दिले आणि बोल्ट खाली पडला.

"आवाज फुटका येतोय," तो म्हणाला.

माझा आवाज खणखणीत होता. आयुष्यात मी कधी इतका चिडलो नाही.

आधार तिथंच मातीत बसला. बायका-माणसं पाहत राहिली.  तेवढ्यात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला उखर्डू रस्त्यानं चालला होता. तो बौद्ध वस्तीतला. आधारचा वीस वर्षांचा जोडीदार. त्यानं सायकल निंबाला टेकवली, बोल्ट उचलला आणि उरलेले नऊ ठोके देऊन टाकले. माझी हाडं खिळखिळी केली.

पाळक गोंधळले. "उखर्डूभाऊ, तुम्ही?"

"मी तुमना देवले वळखत नही, साहेब. पन ड्यूटीले वळखस." मग तो आधारकडे वळला. "आज तुनी ड्यूटी मी करी. उधार शे. फेडनी पडी."

रेल्वेत अशीच रीत. जोडीदार अडला तर त्याची ड्यूटी करायची. पण फुकट नाही. फुकट घेणं कमीपणाचं. ती परत करायचीच.

आधारनं सिक घेतली, म्हणजे आजारपणाची रजा. क्वार्टर निंबाला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. दाढी वाढली. प्रार्थनेला तोंड उघडेना. दर रविवारी ठोके झाले की उखर्डू त्याच्या खिडकीपाशी जाऊन ओरडायचा, "आज नववी! उधार शे!" "आज दहावी! ऊठ रे बाबा, मना हात दुखस!" 

चर्चमधली म्हातारी तानुबाई मात्र खिडकीवर थांबणारी नव्हती. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं दाई होती. अर्ध्या लायनीची पोरं तिच्या हातावर जन्मली. ती थेट आत शिरली.

"आधार, प्रार्थना करतोस का?"

"येत नाही अक्का. शब्दच येत नाहीत."

"नको करू. तुझ्या वाटची मी करते. तू नुसता बस."

ती रोज यायची. जमिनीवर बसून मोठ्यानं प्रार्थना करायची, शेजाऱ्याशी बोलावं तशी. कधी देवावर चिडायची सुद्धा. महिनाभरानं एका दुपारी आधार बोलला.

"अक्का, आदल्या दिवशी रुळाचा आवाज जड वाटला होता. मी थांबलो नाही. उपासनेला उशीर होत होता. गाडीत चारशे माणसं होती, अक्का. देवाच्या घाईत मी त्यांना मारणार होतो."

तो रडला. माणूस असा रडतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

'तुझी चूक नव्हती,' असं तानुबाई म्हणाली नाही. ती म्हणाली, "हे प्रभूला सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं?"

"याच तोंडानं. सांग."

त्यानं सांगितलं. अडखळत, दोन-चार वाक्यांत. मग ती म्हणाली, "ठेवलंस ना त्याच्यापुढं? आता पुन्हा उचलायचं नाही. आणि उद्या सकाळच्या एसटीनं धुळ्याला चल. तिथं मनाचे डॉक्टर आहेत."

"लोक वेडा म्हणतील. विश्वास कमी म्हणतील."

"गुडघा सुजला तर डॉक्टरकडे जातोस ना? तेव्हा विश्वास कुठं जातो? गोळ्या घ्यायच्या आणि प्रार्थनाही करायची. देवाला दोन्ही हात आहेत."

आधार गेला. एका दिवसात काही झालं नाही. गोळ्यांनी आधी झोप आली. मग भूक आली. दिवाळीच्या सुमारास दाढी केली. नाताळला मागच्या बाकावर येऊन बसला. पुन्हा आठ दिवस पडून राहिला. पुन्हा आला. पण माझ्याकडे पाहायचा नाही.

१९८६ सालच्या मार्चची तीस तारीख, पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. पहाटे सगळे निंबाखाली जमले. सदतीस रविवार मला वाजवलेला उखर्डू सवयीनं बोल्ट घ्यायला पुढे झाला. तानुबाईनं त्याला थांबवलं.

"आधार, इकडे ये. याच्यात काय शोधतोस तू?"

"तडा."

तिनं त्याचा हात धरून माझ्या खालच्या खडबडीत टोकावर ठेवला. "हा बघ. आहे. कुणी घासून काढला नाही. प्रभू कबरीतून उठला तेव्हा त्याच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्या. खुणांसकट उठला. तू कसली वाट बघतोस?"

आधारचा हात माझ्यावर बराच वेळ होता.  मग त्यानं बोल्ट मागून घेतला.

पहिला ठोका दिला. कान तिरपा केला, जुन्या सवयीनं.

"खणखणीत आहे," तो म्हणाला.

मी कधीपासून तेच सांगत होतो.

त्यानं बारा ठोके दिले. बारावर थांबला नाही. तेरा, चौदा, वीस. निंबावरचे पोपट उडाले. क्वार्टरांची दारं उघडली. लिलाबाई पदरात तोंड लपवून हसत होती. पाळक "प्रभू उठला आहे!" म्हणाले, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. उखर्डू कानांवर हात ठेवून ओरडत होता, "बस रे! बस! तुनी बठ्ठी उधारी आजच वाजाडस का?"

जूनमध्ये आधार डॉक्टरचा कागद घेऊन ड्यूटीवर हजर झाला. सहा किलोमीटर एकदा जायचा. मागे फिरायचा नाही. वाईट दिवस अजूनही येतात. त्या दिवशी तो कामावर निघण्याआधी मला एक ठोका देतो, ऐकतो आणि म्हणतो, "प्रभू, आजचा दिवस तुझा." मग जातो.

मी इथंच लटकलो आहे. गंजलोय, पण आवाज गेला नाही. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या वाटची ड्यूटी करा.

आता उधारीचं सांगतो.

१९९२ च्या दिवाळीत उखर्डूची बायको रुक्माबाई वारली. उखर्डू दार लावून बसला. एक नोव्हेंबरच्या रविवारी आधारनं मला बारा ठोके दिले, पण चर्चमध्ये गेला नाही. पाळकांना सांगून उखर्डूच्या ओट्यावर जाऊन बसला. दार उघडलं नाही. तासभर बसून उठला. जाताना दारावर थाप मारली.

"आज पहिली."

पुढच्या रविवारी पुन्हा. दुसरी. पाचवी. सोळाव्या रविवारी दार उघडलं. विसाव्याला चहा आला. एकदा दोघं एसटीनं धुळ्याला जाऊन आले. कुणी कुणाला शहाणपण शिकवलं नाही.

१९९३ चा आषाढ. अकरा जुलै. आधार ओट्यावर जायला निघाला, तर उखर्डू स्वतःच निंबाखाली आला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा. त्यानं आधारच्या हातातून बोल्ट घेतला आणि मला एकच ठोका दिला.

"सदतीस व्हयन्यात," उखर्डू म्हणाला. "फिटनं."