वजन आहे, माल चांगला आहे

मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात फक्त एक्केचाळीस मिनिटं काम केलं. जुनी छत्री, फुटकी पाटी, थकलेला बैल असे सगळे तुम्हाला आपापली कहाणी सांगतात, तेव्हा त्यांच्याकडे निदान झिजल्याचा अभिमान तरी असतो. मी झिजलोच नाही. मी एक गेम कन्सोल होतो, टीव्हीला जोडून खेळायचा काळा डबा, आणि खरं सांगायचं तर मला माझीच शिसारी येते. तरी बोलतो, कारण माझ्यासारखा स्वस्तातला डबा घ्यावा की नाही, हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या घरात निघणार आहे.

माझा जन्म कोणत्या गावी झाला ते माझ्या खोक्यावरही छापलेलं नाही. अंगठ्याच्या नखाएवढी एक चिप, चार तारा, वर काळं प्लास्टिक आणि आत गोंदाचा घाणेरडा वास, एवढाच मी. इतका हलका, की पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरून सरकायचो. मग एका बाईने माझ्या पोटात लोखंडाची एक पट्टी ठेवली आणि गोंदाने चिकटवून टाकली. त्या पट्टीला कोणतीही तार जोडलेली नव्हती. तिचं काम एकच होतं, हातात घेणाऱ्याला मी भारी वाटावं. बाईने मला तळहातावर तोलून पाहिलं, मान डोलावली आणि पुढचा डबा उचलला. जन्माला येऊन तासही झाला नव्हता आणि माझ्या पोटात खोटं होतं.

जाहिरातीच्या व्हिडिओत तर मी नव्हतोच! तिथे दुसराच कुणी देखणा कन्सोल होता. त्याच्यासमोर गोरीगोमटी पोरं उड्या मारत होती आणि खाली लिहिलं होतं, दहा हजार गेम, दोन रिमोट, आजच साथ द्या. हा व्हिडिओ डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या एका चाळीत राजरत्नने पाहिला. मी तिथे पोहोचेपर्यंतचं सगळं मी नंतर त्याच घराच्या कपाटावर पडल्या पडल्या ऐकलेलं आहे.

राजरत्न ठाण्याला नोकरी करतो. त्याचे वडील कुंडलिककाका. खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. चाळीशेजारी बुद्धविहार आहे आणि त्याच्या माडीवर मुलांना बसायला एक खोली आहे. मे महिन्यात मुलं उन्हातान्हात रेल्वेच्या रुळांकडे खेळायला पळत, म्हणून काकांच्या जिवाला घोर लागलेला असे. मुलांना माडीवर धरून ठेवील असं काहीतरी पाहिजे होतं.

"पप्पा, एक नंबर चीज भेटलीय," राजरत्न म्हणाला. "पोरं माडीवरून हलणारच नाहीत. बाहेर असला गेम घ्यायला गेलात तर चक्कर येईल. हा त्याच्या पाव किमतीत येतो."

"दुकान कुठंय?"

"दुकान नाय ना. क्राउडफंडिंग आहे. सगळ्यांनी आधी थोडे थोडे पैसे टाकायचे, मग ते बनवणार."

"म्हणजे वर्गणी."

"हां, तसंच समजा. वर्गणीच."

झालं! त्या एका शब्दाने घात केला. मित्रांनो, कुंडलिककाकांसाठी वर्गणी हा साधासुधा शब्द नाही. तीस वर्षं जयंतीची वर्गणी त्यांनीच गोळा केलेली. ते दारात आले की कोणी प्रश्न विचारत नसे, पावतीवरची सही बघितली की झालं. ज्याने वर्गणी दिली त्याने मंडपात यावं, पंगतीला बसावं आणि दुसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर लावलेला जमाखर्च वाचावा, हा काकांचा शिरस्ता. त्यांनी एवढंच विचारलं, "वर्गणी घेणारा राहतो कुठं?"

"ऑनलाइन असतो तो, पप्पा."

काकांनी त्यावर जरा विचार केला आणि कपाटातून जयंतीचं पावतीपुस्तक काढलं. घरोघर जाऊन त्यांनी पावत्या फाडल्या. ज्यांच्या घरात मूलबाळ नाही त्या गोदामावशींनीसुद्धा पदराची गाठ सोडली. "सही तुझी आहे ना रे कुंडलिका? मग बास," असं म्हणून त्यांनी पावती पोथीत ठेवली.

आणि मग सोळा महिने! मी गोदामात धूळ खात पडलो होतो आणि इकडे राजरत्नच्या मोबाईलवर गोडगोड पत्रं येत होती. तुम्ही आमचं कुटुंब आहात. तुमच्यामुळे हे स्वप्न साकार होतंय. शी! ज्यांनी या चाळीचं तोंड पाहिलेलं नाही ते म्हणे कुटुंब. एक मे महिना गेला, मुलं रुळांकडे गेलीच. पाण्याच्या नळावर गोदामावशी काकांना गाठत आणि विचारत, "आमची वर्गणी कुठवर आली रे?" काका खाली बघून म्हणत, "येतेय मावशी, वाटेत आहे."

राजरत्नची धाकटी बहीण माया मानपाड्याला एका कंपनीत माल तपासायला आहे. तिने एक दिवस त्या साईटवरची अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ मोठ्याने वाचली. ही खरेदी नाही, हा पाठिंबा आहे, वस्तू मिळेलच असं नाही.

"दादा, हे तू वाचलेलंस?"

"एवढं कोण वाचतं, यार."

"आमच्या कंपनीने असं लिहिलं ना, तर गिऱ्हाईक गेटवर येऊन चपलेने हाणेल."

 त्या दिवसापासून काका नळावर सगळ्यांच्या नंतर जाऊ लागले.

शेवटी मी आलो. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपल्यावर माडीवर अकरा मुलं, गोदामावशी आणि घरची मंडळी माझ्याभोवती जमली. काकांनी मला खोक्यातून काढलं, तळहातावर तोललं आणि त्यांचा चेहरा सोळा महिन्यांनी उजळला. डेपोत नवा पार्ट आला की ते आधी हातात तोलून बघत. हलका पार्ट घाटात दगा देतो, हे त्यांनी शेकडो शिकाऊ पोरांना सांगितलेलं. "वजन आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माल चांगला आहे."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. तो माणूस माझ्या पोटातल्या खोट्यालाच शाबासकी देत होता!

खोक्यात रिमोट एकच निघाला. सोबत एक चकचकीत कार्ड होतं. आम्हाला पाच तारे द्या, हसऱ्या मुलांचा फोटो टाका, दुसरा रिमोट मोफत मिळवा. राजरत्नने मला मुलांच्या मध्ये धरलं. "चला, सगळे हसा!" त्याने फोटो काढला आणि मोबाईलवर टकटक करून पाच तारे देऊनही टाकले. माझी वायर अजून भिंतीत गेलेली नव्हती.

मग एक्केचाळीस मिनिटं. दहा हजार गेमची यादी उघडली. सातवीतल्या प्राचीने पहिला गेम लावला, एक माकड भिंतीवरून उडी मारतं. दुसऱ्या पानावर तेच माकड दुसऱ्या नावाने. दहाव्या पानावर तेच माकड निळं.

"काका, हे तर तेच आहे," प्राची म्हणाली.

"पुढं बघ गं, दहा हजार आहेत."

ती पोर बिचारी पुढे बघत राहिली. नावं दहा हजार होती, खेळ मोजून अठरा. रिमोटचं बटण एकदा दाबलं की आत जाई आणि चिकटून बसे. मग माझं अंग तापलं, गोंद वितळून त्याचा वास खोलीभर झाला. कोणीतरी नाक धरलं. माडीवरच्या टीव्हीचा पडदा निळा झाला आणि मी संपलो. मुलं एकेक करून जिना उतरली. गोदामावशी पदर नाकाला लावून बसून राहिल्या.

"दुसरा रिमोट येऊ दे, मग कंपनीशी बोलतो," राजरत्न म्हणाला. बोलला कोणाशी? तिथे फोन उचलायला माणूसच नव्हता.

दुपारी काकांनी घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मला उघडलं. आतली चिप बघून ते हसले, तेही जरासंच. मग त्यांना पट्टी दिसली. त्यांनी ती नखाने खरवडून सोडवली, एका हातात तिला धरलं आणि दुसऱ्या हातात उरलेल्या मला. मी उरलो होतो रिकाम्या काडेपेटीसारखा.  पस्तीस वर्षं ज्या हाताने पार्ट पारखले त्या हातालाच कोणीतरी ओळखून फसवलं होतं. 

इथवर किळस फक्त माझी आणि मला बनवणाऱ्यांची होती. पण चार दिवसांनी माया कामावरून आली ती तणतणतच. तिच्या कंपनीतल्या भावना नावाच्या मैत्रिणीने भाच्यांसाठी हाच डबा मागवला होता, आता तो वर्गणीशिवाय सरळ साईटवर विकत मिळत होता. भावनाने मायाला मोबाईलवर दाखवलं होतं, कोणाच्या भरवशावर घेतला ते. पाच तारे. विहाराच्या माडीवरची हसरी अकरा मुलं. खाली नाव, राजरत्न, डोंबिवली पश्चिम.

"ती म्हणते, तुझा भाऊ लिहितोय म्हणजे खरंच असणार," माया म्हणाली. "मी काय तोंड दाखवू तिला?"

काकांनी मुलाकडे पाहिलं. "तू डबा चालू केलेलास, तारे दिलेस तेव्हा?"

"पप्पा, सगळेच देतात. त्याच्याशिवाय दुसरा रिमोट..."

"आणि बंद पडला त्यानंतर? चार दिवस झाले की."

राजरत्न हातातला मोबाईल उलटसुलट फिरवू लागला. रिमोट यायचा होता म्हणून त्याने ते तारे तसेच ठेवले होते, हे सगळ्यांना कळलं.

"मी पावतीवर सही केली तेव्हा मला ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. "मी मूर्ख ठरलो. चालेल. तुला मात्र ठाऊक होतं. अरे, ती पोरं नाक धरून जिना उतरली आणि तू त्यांचं हसू विकलंस? किळस येते मला, राजरत्न."

त्यांचा आवाज चढला नव्हता. राजरत्नने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर काका विहारात उभे राहिले. त्यांनी मला उघडंच टेबलावर ठेवलं, शेजारी पट्टी आणि तिच्या शेजारी पावतीपुस्तक. "वजन आहे, माल चांगला आहे, असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "हे ते वजन. सही माझी होती, चूक माझी आहे. ज्याची वर्गणी त्याला परत मिळेल. आणि हे पुस्तक आता दुसऱ्या कोणीतरी घ्यावं. या सहीवर कोणी दार उघडावं असं मला वाटत नाही."

ते बोलत असताना राजरत्न उभा राहिला. सगळ्यांसमोर त्याने पाच तारे काढून एक तारा दिला आणि मुलांचा फोटो काढून टाकला. एक तारा तरी का, तर त्याहून कमी देताच येत नाही. मग त्याने लिहिलं ते वाचून दाखवलं. "मी हा डबा चालू न करता पाच तारे दिले होते. यात अठरा खेळ आहेत आणि पोटात लोखंडाची पट्टी आहे. घेऊ नका. राजरत्न कुंडलिक, कोपर." 

पुस्तक मात्र कोणी उचलेना. पंख्याच्या वाऱ्याने त्याची पानं फडफडू लागली. मग गोदामावशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, टेबलापाशी आल्या आणि त्यांनी ती पट्टी हातात घेतली.

"एवढंच काय ते खरं निघालं होय रे याच्यातलं?"

"होय मावशी."

त्यांनी पट्टी पावतीपुस्तकावर ठेवली. पानं फडफडायची थांबली. "मग हे असू दे इथंच," त्या म्हणाल्या. "दर वर्षी आधी हे हातात घे, मग सही कर. आणि पुस्तक उचल मुकाट्यानं, जयंती काय आता मी करू?"

काकांनी दोन्ही हातांनी पुस्तक उचललं, पट्टीसकट.

मित्रांनो, माझं प्लास्टिक आणि चिप भंगारात गेली. आता मी म्हणजे ती पट्टीच. राजरत्नने लिहिलेलं चार दिवसांत साईटवरून गायब झालं, म्हणून तो दर रविवारी ते पुन्हा लिहितो. दुसरा रिमोट काही आला नाही. भावनाचा डबा तिच्या माळ्यावर पडून आहे, त्याचं मला फार वाईट वाटतं. मुलांसाठी मायाने कॅरमबोर्ड आणला. दुकानात उभं राहून तिने त्याच्या चारही कोपऱ्यांत सोंगटी टाकून पाहिली, मगच तो उचलला.

तेव्हा मला विकत घ्यावं का, हे आता वेगळं सांगायला नको. पण एक मागणं आहे. तारे देणं म्हणजे सही करणं असतं. खाली तुमचं नाव पाहून कुणीतरी आपल्या भाच्यांसाठी काहीतरी घेत असतं, त्याचं भान ठेवा. यंदा जयंतीच्या आधी काकांनी मला हातात घेतलं, तोललं आणि गोदामावशींच्या दारात पहिली पावती फाडली. मावशींनी सही बघितली नाही. त्यांनी काकांच्या हातातली पट्टी बघितली आणि पदराची गाठ सोडली.